सातव्या ठोक्याची उसंत

वंशमापकाने उत्तर दिले तेव्हा डॉ. रेवती ऐनापुरे यांच्या हातात अर्धे सोललेले मोसंबे होते. प्रयोगशाळेच्या भिंतीवरच्या पडद्यावर दोन हिरवे ठिपके उमटले, त्यांच्यामध्ये एक रेघ ओढली गेली आणि खाली शब्द आले : ‘नाते सिद्ध. वारसा एकच.’ रेवतींनी मोसंबे तसेच बशीत ठेवले. हे उत्तर येऊ नये असे त्यांना मनातून वाटत होते. शास्त्रज्ञाने असे काही वाटून घेऊ नये, हेही त्यांना ठाऊक होते.

समोर बसलेल्या तरुणीचे नाव जुई हेरवाडे. ती इचलकरंजीहून कोल्हापूरच्या या मूळशोध प्रयोगशाळेत आली होती. लहान मुलांसाठी ती सांधणफिती बनवत असे. दुसऱ्यांच्या चित्रफितींचे छोटे छोटे तुकडे घ्यायचे, ते एकमेकांना सांधायचे आणि त्यातून वेगळेच काही सांगणारी नवी फीत करायची, ती सांधणफीत. एखाद्या वेगवान गोलंदाजाची धाव, मालिकेतल्या सासूची वर गेलेली भुवई आणि साबणाच्या जाहिरातीतला फेस या तीन गोष्टी जुई अशा काही जोडत असे की पोर पोट धरून हसे आणि हसता हसता अपूर्णांकांची बेरीज शिकून जाई. शिकवण्यासाठी असे लहान तुकडे घ्यायला कायद्याची परवानगी होती. त्याबद्दल कोणाची तक्रार नव्हती.

तक्रार होती ती त्या तुकड्यांच्या खाली वाजणाऱ्या टाळ्यांबद्दल. जुईच्या प्रत्येक फितीखाली दहा ठोक्यांचा एकच ताल सुरुवातीपासून शेवटपर्यंत चाले. झंकारविश्व नावाच्या बलाढ्य संगीत कंपनीचे म्हणणे असे, की हा ताल त्यांच्या ‘भिरभिर भोवरा’ या गाजलेल्या गाण्यातून चोरलेला आहे. चोरी ठरली तर शिक्षा होती मूलोच्छेदाची. पाया चोरीचा निघाला की त्या पायावर उभे असलेले सगळे काही एकाच क्षणी, जगातल्या प्रत्येक यंत्रातून पुसले जाई. जुईचे सगळेच धडे त्या तालावर उभे होते. मेळघाटातल्या आश्रमशाळांत आणि ऊसतोडीच्या तळांवर, जिथे शिक्षक पोचत नव्हते तिथे ते धडे पोचले होते.

“मी ते गाणं ऐकलंय, मॅडम,” जुई म्हणाली. “वरातीत कोण ऐकत नाही? पण उचललं नाही. त्या टाळ्या माझ्या हाताच्या आहेत.”

रेवतींचे सहकारी इम्तियाज मोमीन खुर्ची ओढून तिच्याजवळ बसले. वंशमापकाचे निम्मे गणित त्यांचे होते, आणि समजावून सांगण्याची संधी त्यांनी आयुष्यात कधी सोडली नव्हती.

“यंत्र खोटं बोलत नाही. पण ते नक्की काय बोलतं, हे नीट ऐकावं लागतं,” ते म्हणाले. “समज, परीक्षेत दोन मुलांनी सात आठे छप्पन्न असं लिहिलं. कोणी कोणाचं बघितलं?”

“काहीच सांगता येणार नाही. बरोबर उत्तर कोणालाही येतं.”

“आणि दोघांनीही त्रेपन्न लिहिलं तर?”

एवढ्या काळजीतही जुईला हसू आले. “मग दोघं एका बाकावरची.”

“झालं. आमचं सगळं शास्त्र एवढंच आहे.”

आणि ते खरेच एवढेच होते. पूर्वीची यंत्रे दोन ध्वनी किती सारखे आहेत ते पाहत आणि फसत. कारण चांगल्या गोष्टी सगळीकडे सारख्याच असतात. दोन माणसांनी एकमेकांना न भेटता वर्तुळ काढले तरी दोन्ही वर्तुळे गोलच येणार. चुका मात्र ज्याच्या त्याच्या असतात. म्हणून वंशमापक बरोबर असलेले सगळे बाजूला सारी आणि फक्त चुका पाही. चूक एकाकडून दुसऱ्याकडे गेली, की तिला तो दोषवारसा म्हणे. जुईच्या टाळ्यांत नऊ ठोके जागच्या जागी होते. सातवा मात्र पापणी लवायला लागतो त्याहूनही थोडक्या वेळाने उशिरा पडत होता. ‘भिरभिर भोवरा’तही सातवाच ठोका, तेवढाच उशिरा पडत होता. असे मुद्दाम कोणी करत नाही आणि योगायोगाने होत नाही.

रेवतींनी मोसंब्याची बशी बाजूला सारली. “एका बाकावरची आहेत हे कळलं, इम्तियाज. कोणी कोणाचं पाहिलं, ते कुठं कळलं?”

“गाणं आधीचं आहे.”

“आधीचं आहे म्हणून बाप होत नाही. थोरला भाऊही आधीचाच असतो.”

इम्तियाजनी पडद्याकडे पाहिले. दोन ठिपके, मध्ये एक रेघ. तिसरा ठिपका, ज्याच्यापासून दोघेही निघाले असतील, तो पडद्यावर कुठेच नव्हता.

*

स्वामित्व न्यायपीठाची पहिली सुनावणी गणपतीनंतर झाली. न्यायमूर्ती मंजिरी ससाणे मध्यभागी बसल्या होत्या आणि त्यांच्या डाव्या हाताला, काचेच्या पेटीत, वंशमापक होता. सुनावणी चालू असेपर्यंत तो दालनातला प्रत्येक आवाज ऐकत राही. कोणातही नवा दोषवारसा आढळला की त्याचे नाव पडद्यावर येई आणि त्या व्यक्तीच्या मनगटीवर नोटीस जाई. मनगटावर पट्ट्यासारखे बसणारे ते छोटे यंत्र तेव्हा सगळेच वापरत. जुन्या फोनची जागा त्याने घेतली होती. नोटीस धाडायला माणसाची परवानगी लागत नसे. माणसे भीड घालतात, म्हणून कायद्यानेच तसे ठरवले होते.

झंकारविश्वाचे वकील होते देवव्रत नाडगौडा. मोठे कष्टाळू गृहस्थ. खटल्यातला प्रत्येक कागद ते स्वतः वाचत, प्रत्येक फीत स्वतः ऐकत. हाताखालच्यांवर सोपवत नसत. त्यांना एकच खोड होती. विचार करताना ते पेनाचे टोपण टेबलावर वाजवत.

त्या दिवशी त्यांनी आपल्या खोडीचाच पुरावा केला. दोष अगदी बारीक आहे, तो कोणाच्याही हातात सापडेल, अशी शंका न्यायमूर्तींनी काढली होती. नाडगौडांनी टोपण उचलले आणि टेबलावर शांतपणे दहाचे काही फेरे वाजवले. सगळ्यांनी पडद्याकडे पाहिले. ‘नाते नाही,’ वंशमापक म्हणाला.

“हा एका सामान्य माणसाचा हात,” नाडगौडा म्हणाले. “निर्दोष. दोष आपोआप येत नाही, तो कुठून तरी घ्यावा लागतो. आणि ज्याच्यात तो सापडेल, तो नक्कलकार. त्यानं जाणूनबुजून घेतला की नकळत, हा प्रश्न कायद्यात नाही.”

रेवतींना न्यायपीठाच्या तज्ज्ञ म्हणून एकच प्रश्न विचारण्यात आला : वारसा एकच आहे का? त्यांना ‘हो’ म्हणावे लागले. मात्र बाप आणि भाऊ यांत फरक असतो, हे त्यांनी न विचारता सांगितले. नाडगौडांनी हरकत घेतली. न्यायमूर्तींनी दोघांचेही ऐकून घेतले आणि म्हणाल्या, की तिसरा ठिपका असेल तर तो दिवाळीनंतरच्या तारखेला आणा. नसेल तर मूलोच्छेदाचा आदेश मला त्याच दिवशी द्यावा लागेल.

बाहेर पायऱ्यांवर जुईने विचारले, की या टाळ्या मी कोणाकडून घेतल्या हे मलाच माहीत नाही, तर तुम्ही शोधणार कुठे. इम्तियाज म्हणाले, की पहिल्यांदा कधी वाजवल्यास ते आठव.

“पाढे म्हणताना. आमच्या वर्गात सगळेच असे वाजवायचे.”

इम्तियाज पायरीवरच थांबले. “सगळेच?”

*

इचलकरंजीतल्या त्या शाळेचे शांतिनाथ मगदूम सर निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली होती, पण रोज सकाळी ते शाळेच्या आवारात येऊन बसत. रेवती आणि इम्तियाज यांच्यासोबत आलेल्या जुईला पाहताच त्यांनी चष्मा वर केला.

“काय गं हेरवाडे, अजून सातला अडखळतीस का?”

“सर, त्याच्यासाठीच आलेय,” जुई म्हणाली, आणि तिने सगळी हकिकत सांगितली.

सर काठी टेकत उठले. मग पाहुण्यांना घेऊन ते आपल्या जुन्या वर्गात गेले आणि मागची खिडकी त्यांनी उघडली. बाहेर विजेवरच्या गाड्यांचा तळ होता. पूर्वी तिथे यंत्रमागाची शेड होती, सरांनी सांगितले. दिवसभर खडखडाट. त्यांनी तक्रारी करून पाहिल्या, खिडक्या बंद करून पाहिल्या. उकाड्याने पोरे हैराण झाली. शेवटी एक दिवस त्यांनी खिडकी सताड उघडली आणि मुलांना सांगितले, की हा माग आपल्याला ताल देतोय, याच्या तालावर पाढे म्हणा. खिडकीजवळच्या मागाच्या पट्ट्यांचा फेरा आणि पाढ्याच्या दहा ओळी अगदी बरोबर जुळत.

“कसल्या पट्ट्या?” रेवतींनी विचारले.

इम्तियाजनी त्यांना खुणेने थांबवले. मोमीनांच्या घरी तीन पिढ्या माग होते. साध्या कापडाच्या मागाला काही लागत नाही, त्यांनी सांगितले, पण कापडावर नक्षी काढायची तर कोणते धागे केव्हा वर उचलायचे हे मागाला कळावे लागते. त्यासाठी लाकडी पट्ट्यांची एक साखळी मागावर फिरत असते. एकेक पट्टी पुढे येते आणि मागाला एकेक हुकूम देते.

“तसंच होतं,” सर म्हणाले. “त्यातली एक पट्टी मोडली. दुसरी आणायची तर माग बंद ठेवावा लागला असता. मालकानं बाभळीचा तुकडा तासून तिथं बसवला. जरा जाड झाला. ती पट्टी आली की माग अडायचा. एवढासा. पण कानाला कळायचा.”

“सातवी पट्टी?” रेवतींनी विचारले.

“पोरं पाढ्याच्या सातव्या ओळीवर असायची तेव्हा यायची. म्हणजे सातवीच म्हणा.”

रेवतींनी ते टिपून घेतले. पण माग भंगारात गेला होता, मालक वारला होता, आणि सरांच्या आठवणीला न्यायपीठ पुरावा मानणार नव्हते. इम्तियाज म्हणाले, की माग गेला असेल, पण त्या मागाची पोरे आहेत की.

पुढच्या रविवारी शाळेच्या मैदानावर माजी विद्यार्थ्यांची जत्रा भरली. सरांनी एक निरोप धाडला होता आणि गाव लोटले होते. दातांचे डॉक्टर, बेकरीवाले, एक नगरसेविका, दोन जुळ्या बहिणी, आपापली पोरे काखेत घेतलेल्या आया. रेवतींनी प्रत्येकाला प्रयोगशाळेतून आणलेल्या वंशमापकासमोर उभे करून टाळ्या वाजवायला सांगितले. कशासाठी, ते सांगितले नाही. माहीत असले की हात खोटे बोलतात.

इम्तियाजनी एक अट घातली होती. फक्त सरांच्या ‘अ’ तुकडीचे विद्यार्थी चालणार नाहीत, रस्त्याकडच्या वर्गात बसणारी ‘ब’ तुकडीही हवी. गाव तेच, शाळा तीच, पाढे तेच. फक्त माग नाही. ‘ब’ तुकडीत लंगडा ठोका निघाला, तर त्याचा मागाशी संबंध नाही असे समजायचे आणि गुपचूप घरी जायचे.

‘अ’ तुकडीवाल्यांच्या नावापुढे एकामागून एक हिरवे ठिपके उमटू लागले. ‘ब’ तुकडीपुढे एकही नाही.

“‘अ’ तुकडी पहिल्यापासून लंगडीच,” ‘ब’मधला एक जाडजूड बेकरीवाला म्हणाला.

“असू दे लंगडी,” पलीकडून नगरसेविकाबाई म्हणाल्या. “नऊ सत्ते किती ते सांग बघू. बोटं न मोजता.”

बेकरीवाला त्रेसष्टवर पोचायच्या आत मैदान हसून मोकळे झाले. रेवती मात्र हसल्या नाहीत. त्या पडद्याकडे पाहत होत्या. ‘अ’ तुकडीतले जे अगदी जुने विद्यार्थी होते, पट्टी मोडायच्या आधीचे, त्यांचेही ठोके सरळ होते. दोष एका खोलीत, एका ठरावीक उन्हाळ्यानंतर जन्मला होता. आणि बाईंचा टोमणा त्यांच्या डोक्यात घोळत होता. त्यांनी सरांना विचारले, की मुले पाढ्यात कुठे अडतात.

“सातवर. कुठल्याही पाढ्यात. पाचपर्यंत धावत जातात, सहाला दम लागतो, सातला पडतात.”

“आणि नेमकं तिथंच माग थांबत होता. आठवायला तेवढीच उसंत.”

सर मान हलवत हसले. “म्हणून तर माझी पोरं पाढ्यात पक्की. मी कुठं शिकवलं? मागानं शिकवलं. मी फक्त खिडकी उघडी ठेवली.”

जुईचे धडे मुलांच्या डोक्यात का राहतात, हे जुईला त्या दिवशी पहिल्यांदा कळले. ज्याला न्यायपीठात सगळे दोष म्हणत होते, तीच त्या धड्यांची सगळ्यांत चांगली गोष्ट होती.

तिसरा ठिपका सापडला होता. आता एकच प्रश्न उरला : मग हा ताल ‘भिरभिर भोवरा’त पोचला कसा? त्या गाण्याचे संगीतकार श्रेयस तारळेकर पुण्याचे म्हणून प्रसिद्ध होते. रेवतींनी ते नाव घेतले तशी सरांनी मान तिरकी केली.

“तारळेकर? बँकेतल्या तारळेकरांचा? बदलीवर आले होते. दोन वर्षं होता की माझ्याकडं. ‘अ’ तुकडीत.”

*

दिवाळीनंतरच्या सुनावणीला दालन गच्च भरले. मैदानावरच्या सगळ्या टाळ्या पुरावा म्हणून दाखल झाल्या होत्या आणि नियमाप्रमाणे त्यांच्या प्रती नाडगौडांनाही मिळाल्या होत्या. मधल्या काळात त्यांनी त्या सगळ्या ऐकल्या होत्या. जेवताना, फिरताना, गाडीत. त्यांच्या टिपणांवरून ते दिसतच होते. एकही ध्वनी त्यांच्या कानांतून सुटला नव्हता.

श्रेयस तारळेकर साक्षीला आले. सातवा ठोका मागे ओढण्याची ही ढब माझी स्वतःची आहे असे मी आजवर समजत होतो, त्यांनी सांगितले. जाणकारांनी तिला ‘तारळेकरी ठेका’ असे नावही दिले होते. बोलता बोलता त्यांची नजर मागच्या बाकावर गेली. ते थांबले, आणि भर न्यायपीठात, साक्षीच्या पिंजऱ्यात, वर्गात शिक्षक आल्यावर मुले उभी राहतात तसे ताठ उभे राहिले.

“बस, बस,” मगदूम सर म्हणाले. “डोळे मिटून म्हणायचास तू. सहावी ओळ झाली की.”

“तुम्ही खिडकी उघडायचात, सर,” तारळेकर हळू आवाजात म्हणाले. मग न्यायमूर्तींकडे वळून त्यांनी सांगितले, की हा ठेका माझा नाही.

पण कंपनीची बाजू एवढ्याने पडत नव्हती, आणि नाडगौडा हरणारे नव्हते. मूळ त्या शाळेत आहे हे मान्य, ते म्हणाले. पण माग कोणाच्या नावावर गाणी नोंदवत नाही. हा ताल जगासमोर रचना म्हणून पहिल्यांदा माझ्या अशिलाने ठेवला. कुमारी हेरवाडे शाळेत होत्या हे खरे. तसेच त्यांनी हे गाणे ऐकले आहे हेही खरे, त्यांनीच कबूल केले आहे. त्यांच्या हातातला दोष मागाकडून आला की गाण्याकडून? मागाकडून आला असेल तर त्या भावंड. गाण्याकडून आला असेल तर त्या नक्कलकार. यंत्रालाच विचारा.

प्रश्न चोख होता. रेवतींनाही तो मान्य करावा लागला. असे गणित शक्य आहे, त्यांनी सांगितले. प्रत्येक नक्कल आपली बारीकशी धूळ मागे सोडते, आणि मैदानावरच्या सगळ्या टाळ्या पडताळल्या तर भाऊ की बाप ते निघेल. वेळ लागेल. न्यायमूर्तींनी परवानगी दिली. वंशमापकाच्या काचेच्या पेटीत निळा दिवा लागला.

दालन शांत झाले. जुई दोन्ही हात मांडीखाली दाबून बसली होती. उत्तर काहीही येऊ शकते, हे तिला इम्तियाजनी आधीच सांगितले होते. आपण ते गाणे किती वरातींत ऐकले, कितीदा गुणगुणले, ते ती आठवून पाहत होती आणि जितके आठवत होते तितका तिचा धीर सुटत होता. मेळघाटातल्या एका शाळेने सकाळीच तिला फीत धाडली होती. मुले तेराचा पाढा म्हणत होती. उत्तर वाईट आले तर संध्याकाळपासून त्या शाळेच्या भिंतीवर काहीही उमटणार नव्हते.

त्या शांततेत बारीकसा आवाज येत होता. टक, टक, टक. नाडगौडा विचारात होते. टोपण टेबलावर वाजत होते.

वंशमापकाने टुणकन आवाज केला. निळा दिवा अजून चालूच होता. गणित संपले नव्हते. पण पडद्यावर एक नवा हिरवा ठिपका उमटला होता.

‘नवा वारस आढळला. देवव्रत नाडगौडा. नाते सिद्ध.’

त्याच क्षणी वकीलसाहेबांच्या मनगटीने नोटीस आल्याची शिट्टी दिली.

नाडगौडांनी आधी मनगटाकडे पाहिले, मग हातातल्या टोपणाकडे, जणू ते दुसऱ्याच कोणाचे होते. मागच्या बाकांवर खसखस पिकली. न्यायमूर्तींनी हात वर केला आणि पहिल्या तारखेचे दृश्य पडद्यावर लावायला सांगितले. तेच टेबल, तेच टोपण, तोच माणूस. ‘हा एका सामान्य माणसाचा हात. निर्दोष.’

“वकीलसाहेब,” न्यायमूर्ती म्हणाल्या, “या दोन तारखांच्या मध्ये तुम्ही काय केलंत?”

“पुरावा ऐकला,” नाडगौडा म्हणाले.

“आणि काय घेतलंत?”

“काहीही नाही.” ते एवढे बोलले आणि थांबले. हुशार माणूस होता. पुढची पायरी त्याला इतरांच्या आधी दिसली. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितले होते, की ज्याच्यात दोष सापडेल तो नक्कलकार, जाणून असो की नकळत.

इम्तियाज रेवतींच्या कानाशी लागले. “याहून स्वच्छ प्रयोग मला सात जन्मात सुचला नसता. आधीचा हात, नंतरचा हात, मध्ये फक्त ऐकणं.”

न्यायमूर्तींनी रेवतींना पुढे बोलावले आणि विचारले, की या यंत्राने नक्की काय सिद्ध होते.

रेवती पुढे आल्या. आपल्या यंत्राबद्दल हे वाक्य आपण फार आधी बोलायला हवे होते, असे त्यांना वाटले. “यानं नातं सिद्ध होतं, चोरी नाही,” त्या म्हणाल्या. “कापून चिकटवलेला तुकडा असेल तर त्याची धूळ वेगळी असते आणि आम्ही ती ओळखतो. तशी धूळ कुमारी हेरवाडेंच्या टाळ्यांत नाही, हे पहिल्या दिवसापासून स्पष्ट आहे. राहता राहिला तो ऐकून हातात मुरलेला ताल. तो कसा मुरतो, ते आत्ता आपण सगळ्यांनी पाहिलं. माणसानं नुसतं मन लावून ऐकलं तरी पुरतं. याला आपल्याकडं शब्द आहे. शिकणं.”

“मग भाऊ की बाप, या गणिताचं उत्तर?”

“ते काहीही येवो, फरक पडत नाही. त्या मागाकडून शिकल्या असतील तर शिकल्या. गाण्याकडून शिकल्या असतील, तरी शिकल्याच.”

न्यायमूर्तींनी नाडगौडांकडे पाहिले. आपल्याला काही म्हणायचे आहे का, असे विचारले. नाडगौडा उभे राहिले. आपल्या अशिलाचा दावा पुढे चालवायचा तर मला आधी स्वतःवरच खटला भरावा लागेल, ते म्हणाले, आणि मी फार महागात पडणारा आरोपी आहे. या वेळी न्यायमूर्तीही हसल्या.

निकाल थोडक्यात दिला गेला. दुसऱ्याच्या कामाचा तुकडा जसाच्या तसा उचलला तर न्यायपीठ त्याचा विचार करेल. पण ऐकून हातात, गळ्यात किंवा डोक्यात मुरलेली गोष्ट ही कोणाची मालमत्ता नव्हे. मूलोच्छेदाची मागणी फेटाळली. केवळ दोषवारशाच्या आधारावर आजवर पुसल्या गेलेल्या सर्व सांधणफिती परत ठेवण्यात याव्यात.

शेवटचे वाक्य ऐकून जुईने मान वर केली. ती फक्त आपल्या धड्यांसाठी आली होती. देशभरातल्या, तिला नावही माहीत नसलेल्या किती जणांच्या फिती त्या क्षणी अंधारातून परत येऊ लागल्या होत्या. तिने मांडीखालचे हात बाहेर काढले.

तेवढ्यात काचेच्या पेटीतला निळा दिवा विझला. गणित संपले होते. उत्तराची आता कोणालाच गरज नव्हती, तरी सगळ्यांनी वर पाहिले. तारळेकरांचा ठिपका आणि जुईचा ठिपका शेजारी शेजारी होते आणि दोघांपासून निघालेल्या रेघा वर एका ठिपक्याला मिळाल्या होत्या. खाली एकच शब्द होता : ‘भावंडे.’

तारळेकर पिंजऱ्यातून उतरून जुईपाशी आले. तुझ्या पुढच्या धड्याला मी चाल देऊ का, असे त्यांनी विचारले, आणि जुई म्हणाली, “थोरल्या भावानं विचारायचं असतं होय?”

मगदूम सर काठी टेकत नाडगौडांच्या टेबलापाशी पोचले होते. “वकीलसाहेब, वारस झालात आमचे. आता नवाचा पाढा म्हणून दाखवा.”

नाडगौडांनी नाही म्हणून पाहिले. सर जागचे हलले नाहीत. आयुष्यभर त्यांनी असेच हटून शिकवले होते. शेवटी वकीलसाहेबांनी टोपण हातात घेतले आणि सुरुवात केली. नऊ एके नऊ, नऊ दुणे अठरा. मागच्या बाकांवरून कोणीतरी टाळी धरली. मग जुईने, मग तारळेकरांनी, मग सगळ्या दालनाने. सहावी ओळ झाली आणि सगळ्यांचे हात पापणीभर हवेतच थांबले. नाडगौडांचेही. त्या उसंतीत त्यांना उत्तर आठवले. नऊ सत्ते त्रेसष्ट.

वंशमापक कायद्याने बांधलेला होता. तो ऐकत होता. पडद्यावर हिरवे ठिपके पावसाळी गवतासारखे उगवू लागले आणि दालनातल्या मनगट्या एकेक करून शिट्ट्या देऊ लागल्या. पट्टेवाल्याची, लघुलेखिकेची, रेवतींची, इम्तियाजची. सगळ्यांत शेवटी एक शिट्टी उंच खुर्चीवरून आली. न्यायमूर्तींचे बोट टेबलाच्या कडेवर होते.

त्यांनी आपल्या नावाची नोटीस वाचली आणि पट्टेवाल्याला हे यंत्र आता बंद कर, अशी खूण केली.

“थांबा, बाईसाहेब,” मगदूम सर म्हणाले. “नऊ दाहे नव्वद होऊ द्या.”

न्यायमूर्तींनी हात खाली घेतला आणि पुढची टाळी वाजवली.